सातासमुद्रांपलीकडे : एका बेटाचा कर्ता पुरुष

कॅनडा म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें गव्हाचीं अफाट शेतें, बर्फाचे ढीग, आणि अलीकडे तर तिकडे शिकावयास गेलेला कोणाचा तरी भाचा किंवा पुतण्या उभा राहतो. परंतु त्या देशाच्या अगदीं पूर्वेच्या टोंकाला, अटलांटिक महासागरांत, न्यूफाउंडलंड नांवाचें एक मोठें खडकाळ बेट आहे, आणि तें १९४९ सालापर्यंत कॅनडांत नव्हतेंच, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानांत असते. हें बेट कॅनडांत आणण्याची खटपट ज्यानें हिरीरीनें केली, आणि आणल्यावर जवळजवळ तेवीस वर्षें तेथील प्रांतिक सरकारचा मुख्य प्रधान म्हणून ज्यानें एकहातीं कारभार हांकला, त्या जोसेफ स्मॉलवुडची हकीकत या खेपेस सांगावयाची आहे. तेथील लोक त्याला नुसतें ‘जोई’ म्हणत. प्रेमानेंही म्हणत आणि दांतओठ खाऊनही म्हणत.

स्मॉलवुडचा जन्म २४ डिसेंबर १९०० रोजीं गॅम्बो या खेड्याजवळ झाला. तेरा भावंडांतला हा थोरला. बाप दारूच्या आहारीं गेलेला. त्यामुळें राजधानी सेंट जॉन्स येथें बिऱ्हाड आलें तरी ओढगस्त कांहीं सुटली नाहीं. आजोबांचें मात्र शहरांत नांव होतें. त्यांचें बुटांचें दुकान असे, आणि बंदराच्या चिंचोळ्या तोंडाशीं त्यांनीं एक प्रचंड बूट जाहिरातीसाठीं टांगून ठेविला होता. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गलबताला त्या बुटाचें दर्शन घडे. एका चुलत्यानें फीचा भार उचलला म्हणून जोईला बिशप फील्ड या प्रतिष्ठितांच्या शाळेंत जातां आलें. तेथील बहुतेक मुलें सुखवस्तु घरांतील. पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली ती कायमचीच, आणि मुलगा एका छापखान्यांत उमेदवारी करूं लागला. छापखान्यांतून वृत्तपत्रांत, आणि १९२० सालीं वृत्तपत्रांतून थेट न्यूयॉर्कला, असा त्याचा प्रवास झाला. न्यूयॉर्कांत त्यानें समाजवादी पत्रांत काम केलें, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभें राहून व्याख्यानें दिलीं, आणि १९२५ सालीं मायदेशीं परतला तो मजूर संघटनेचें वेड घेऊनच.

त्या वेळीं बेटावरच्या रेल्वेनें रुळांची निगा राखणाऱ्या मजुरांचा पगार कापण्याचें ठरविलें होतें. हे मजूर सबंध लोहमार्गावर, निर्जन ठिकाणीं, चारदोन झोंपड्या करून विखुरलेले. यांचा संघ काढावयाचा तरी कसा ? स्मॉलवुडनें सरळ उपाय केला. बेटाच्या पश्चिम टोंकाच्या पोर्ट-ओ-बास्क गांवापासून तो रुळांवरून चालत निघाला. रोज जेथें रात्र पडेल तेथें मजुराच्या झोंपडींत मुक्काम करावयाचा, त्याच्याच ताटांतलें खावयाचें, वर्गणी घेऊन नांव नोंदवावयाचें, आणि सकाळीं पुढें चालूं लागावयाचें. असा पांचशेंहून अधिक मैलांचा मार्ग तुडवीत तो सेंट जॉन्सला पोंचला, तेव्हां अंगावर मांस राहिलें नव्हतें. पण संघ उभा राहिला होता आणि पगाराची कपात रद्द झाली. हा प्रसंग वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें चौतीस वर्षांनीं याच माणसानें जें केलें त्याशीं तो ताडून पाहावयाचा आहे.

पण त्याआधीं बेटाची स्थिति सांगितली पाहिजे, नाहींतर पुढील कथेचा अर्थ लागावयाचा नाहीं. न्यूफाउंडलंडचें जीवन म्हणजे कॉड मासा. किनाऱ्यावर, खाड्यांच्या कुशींत, हजाराहून अधिक लहान वस्त्या; कित्येकांत दहावीस घरें, एक प्रार्थनामंदिर आणि एक स्मशानभूमि, एवढाच संसार. जावयायेण्यास होडीखेरीज वाट नाहीं. पुरुषांनीं मासे धरून आणावे, आणि बायकामुलांनीं ते चिरून, मीठ लावून, लांकडी माचणांवर उन्हांत वाळवावे. वसंत ऋतूंत गांवचा व्यापारी जाळीं, मीठ, पीठ आणि काकवी उधार देई. शरदांत वाळलेली मासळी आपण ठरवील त्या भावानें उचली. खातें बहुधा फिटत नसे. आयुष्यभर राबूनही हातांत रोख नाणें क्वचितच पडलें अशीं कुटुंबें तेथें पुष्कळ होतीं. सावकाराची वही हा काय प्रकार असतो हें आपल्याकडील वाचकांस फोड करून सांगावयास नकोच.

एवढें असूनही हें बेट स्वतंत्र होतें. त्याला स्वतःचें विधिमंडळ होतें, स्वतःचा मुख्य प्रधान होता, आणि पहिल्या महायुद्धांत त्यानें स्वतःची पलटण पाठविली होती. १ जुलै १९१६ रोजीं फ्रान्समध्यें बोमाँ-आमेल येथें या पलटणीचे सुमारें आठशें जवान हल्ल्यास निघाले. दुसऱ्या दिवशीं हजेरीस ओ देण्यास अवघे अडुसष्ट उरले. युद्धाचें कर्ज, रेल्वेचें कर्ज, आणि त्यावर १९२९ नंतरची जागतिक मंदी. बेटाचें दिवाळें वाजण्याची वेळ आली. ५ एप्रिल १९३२ रोजीं सेंट जॉन्समध्यें जमावानें विधिमंडळाच्या इमारतीवर हल्ला केला, आणि मुख्य प्रधान स्क्वायर्स कसाबसा जीव वांचवून निसटला. स्मॉलवुड त्याचाच अनुयायी. त्या वर्षीं तो निवडणुकीस उभा राहून पडला. अखेर १९३४ सालीं न्यूफाउंडलंडनें आपलें स्वराज्य आपल्याच हातानें इंग्लंडच्या स्वाधीन केलें, आणि लंडननें नेमलेलें एक कमिशन बेटाचा कारभार पाहूं लागलें. सरकारी मदतीवर जगणाऱ्या माणसास दिवसाला सहा सेंट मिळत. पोट भरण्याइतकें अन्न नसल्यानें बेरीबेरीसारखे रोग घरोघर दिसत. मिळालेलें स्वराज्य परत करणारा देश जगाच्या इतिहासांत विरळाच. आणि आम्हांस असें वाटतें कीं, तेथील जुन्या पिढीच्या मनांतली ही लाज कधींच पुरती गेली नाहीं.

स्मॉलवुडनें या काळांत नाना धंदे केले. त्यांतला एक मात्र त्याला फळला. १९३७ सालापासून तो आकाशवाणीवर ‘बॅरलमन’ या नांवानें रोज संध्याकाळीं पंधरा मिनिटें बोलूं लागला. जहाजाच्या डोलकाठीवरील पिंपांत बसून दूरचें पाहणारा जो टेहळ्या, त्याचें हें नांव. तो गोष्टी सांगे बेटाच्याच : अमक्या गांवचा अचाट बळाचा कोळी, तमक्या खाडींतलें वादळ, कोणा म्हातारीची हुषारी. श्रोतेच पत्रांतून मजकूर धाडीत. सहा वर्षें हा आवाज प्रत्येक खाडींत, प्रत्येक चुलीपाशीं पोंचला. पुढें दुसऱ्या महायुद्धांत गॅंडर येथील मोठ्या विमानतळाच्या भटारखान्यांतलें उष्टें वायां जातें हें पाहून त्यानें डुकरें पाळण्याचा धंदा काढला. भावी मुख्य प्रधान १९४५ सालीं डुकरांचे गोठे सांभाळीत होता, हें त्याचे विरोधक पुढें आवर्जून सांगत, तोही सांगे.

त्याच वर्षाच्या ११ डिसेंबरला इंग्लंडचे मुख्य प्रधान अ‍ॅटली यांनीं जाहीर केलें कीं, न्यूफाउंडलंडच्या लोकांनीं एक राष्ट्रीय परिषद निवडावी आणि पुढील राज्यव्यवस्थेचा विचार करावा. स्मॉलवुड तेव्हां माँट्रिऑलमध्यें होता. त्यानें ही बातमी वर्तमानपत्रांत वाचली, आणि तेथून पुढें त्याला दुसरा विषय राहिला नाहीं. बेटानें कॅनडांत सामील व्हावें, हा त्याचा ध्यास. १९४६ सालीं पंचेचाळीस सभासदांची परिषद भरली. तेथें बहुमत होतें जुनें स्वराज्य परत मिळवूं इच्छिणाऱ्यांचें. त्यांचा पुढारी मेजर पीटर कॅशिन हा मोठा आवेशी वक्ता. परंतु परिषदेचें कामकाज आकाशवाणीवरून ऐकविलें जाई, आणि सभागृहांत स्मॉलवुडला कोणी कितीही हिणविलें तरी त्याचें बोलणें सभागृहासाठीं नव्हतेंच, तें खाडीखाडींतल्या घरांसाठीं होतें. जानेवारी १९४८ मध्यें परिषदेनें सोळाविरुद्ध एकोणतीस मतांनीं ठरविलें कीं, कॅनडाचा पर्याय मतपत्रिकेवर येऊंच नये. लागलीच त्याच्या पक्षानें लोकांस हांक दिली, आणि थोड्याच दिवसांत सुमारें पन्नास हजार नांवें निषेधादाखल येऊन पडलीं. लंडननें तो पर्याय मतपत्रिकेवर घातला.

मग जें रण माजलें तें घराघरांत माजलें. एका बाजूस स्वराज्य, पूर्वजांचा मान आणि राजधानींतले बडे व्यापारी. सेंट जॉन्सचे कॅथलिक धर्माध्यक्षही त्याच बाजूस. दुसऱ्या बाजूस स्मॉलवुड, एक भाड्याचें पाण्यावर उतरणारें लहानसें विमान, एक कर्णा, आणि एक अगदीं साधा हिशेब. कॅनडांत १९४५ पासून प्रत्येक मुलामागें, वयाप्रमाणें, दरमहा पांच ते आठ डॉलर सरकार देत असे, आणि तें मुलाच्या आईच्या नांवें येई. पांचसहा मुलांच्या कोळ्याच्या घरीं याचा अर्थ काय होता, हें एखाद्या गृहिणीनेंच सांगावें. वर्षानुवर्षें माचणावर मासे वाळवून जिच्या पदरीं एक नाणें आलें नव्हतें, तिच्या नांवाची हुंडी महिन्याच्या महिन्याला येणार ! विरोधक म्हणत कीं, जोई देश विकतो आहे. असेलही. पण देशाच्या अभिमानावर मुलांचें पोट भरत नाहीं असें ज्या आईनें मनाशीं ठरविलें, तिला दोष देण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

३ जून १९४८ रोजीं पहिलें मतदान झालें. स्वराज्यास ६९,४००, कॅनडास ६४,०६६, आणि होतें तें कमिशन चालूं ठेवण्यास २२,३११ मतें पडलीं. कोणासच निम्म्याहून अधिक नाहींत. म्हणून २२ जुलैला पुन्हां मतदान. या वेळीं कॅनडास ७८,३२३ आणि स्वराज्यास ७१,३३४. अंतर सात हजारांचेंही नाहीं. ३१ मार्च १९४९ रोजीं मध्यरात्रीच्या किंचित् आधीं न्यूफाउंडलंड कॅनडाचा दहावा प्रांत झाला. मुहूर्त ‘एप्रिल फूल’च्या दिवशीं लागूं नये म्हणून ही घटकाभराची घाई केली असें सांगतात. सेंट जॉन्समध्यें कित्येक दारांवर त्या दिवशीं काळें कापड लागलें होतें.

दुसऱ्या दिवशीं स्मॉलवुडच्या हातीं कारभार आला. आरंभीं त्यानें जें केलें त्याचें मोल कमी लेखूं नये. रस्ते झाले, वीज आली, दवाखाने निघाले; सेंट जॉन्सच्या महाविद्यालयाचें १९४९ सालींच विद्यापीठ झालें, आणि १९६५ सालीं बेटाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंतचा हमरस्ता पुरा झाला. ज्या बेटावर वैद्य बोलवावयाचा म्हणजे वादळांत होडी हांकारावी लागे, तेथें हें घडलें. लोकांनीं त्याला एकामागून एक सहा निवडणुकांत विजयी केलें. १९६६ सालीं तर बेचाळिसांपैकीं एकोणचाळीस जागा त्याच्या पक्षाच्या.

पण त्याची दुसरी हौस महागांत पडली. बेटानें माशांवर जगूं नये, कारखान्यांवर जगावें, असें त्याच्या मनानें घेतलें. युद्धकाळांत सांठलेली सुमारें चार कोटी डॉलरांची शिल्लक हातांत होती. लॅटव्हियाहून आलेला आल्फ्रेड व्हाल्डमानिस नांवाचा एक अर्थशास्त्रज्ञ १९५० सालीं त्यानें उद्योगखात्याचा मुख्य नेमला, आणि जर्मनीहून एकेक कारखाना येऊं लागला : सिमेंट, कातडें, हातमोजे, रबरी बूट. आजोबांचा बूट नातवाच्या डोक्यांतून गेला नसावा ! सिमेंटासारखे एकदोन सोडले तर बाकीचे बहुतेक बुडाले. १९५४ सालीं व्हाल्डमानिस परदेशी कंपन्यांकडून परस्पर दलाली घेत होता हें उघड झालें. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. चौकशी स्वतः स्मॉलवुडनेंच पोलिसांकडे सोंपविली होती, एवढें त्याच्या बाजूनें म्हटलें पाहिजे.

आतां १९५९ सालाकडे वळूं. जंगलांतले लांकूडतोडे, कागदगिरण्यांसाठीं झाडें तोडणारे, संपावर गेले. त्यांची मागणी पगाराची, कामाचे तास कमी करण्याची आणि मुक्कामाच्या जागीं माणसासारखें राहतां येण्याची. त्यांचा संघ अमेरिकेशीं संबंध असलेला. रुळांवरून पायपीट करून मजुरांचा संघ उभारणारा जोई या वेळीं कोणाची बाजू घेईल ? त्यानें आकाशवाणीवरून त्या संघावर तोंडसुख घेतलें, कायदा करून त्याची मान्यता काढून घेतली, आणि त्याच्या जागीं आपल्या मर्जीतला दुसरा संघ उभा केला. १० मार्च रोजीं बॅजर या गांवीं पोलीस व संपवाले यांची झटापट झाली. तींत विल्यम मॉस नांवाचा तरुण पोलीस जबर जखमी होऊन पुढें मरण पावला. मॉसच्या मृत्यूनंतर लोकमत स्मॉलवुडकडे आणखीच झुकलें, आणि त्याच वर्षीं तो पुन्हां निवडून आला. त्याचे जुने समाजवादी मित्र मात्र त्याला कायमचे अंतरले.

यापेक्षांही खोल गेली ती गांवें उठविण्याची योजना. हजार वस्त्यांना रस्ता, शाळा, वीज कोठून पुरवावयाची ? तेव्हां लहान गांवांनीं मोठ्या गांवीं राहावयास यावें आणि सरकारनें त्यांस पैसे द्यावे, असें १९५४ पासून सुरू झालें. हिशेब म्हणून यांत चूक काढणें कठीण आहे. पण अट अशी होती कीं, आरंभीं सबंध गांवानें एकमतानें होकार द्यावा. १९६५ नंतर नव्वद टक्के, आणि पुढें ऐंशीं टक्के संमति पुरे झाली. ही अट दिसावयास मोठी लोकशाहीची. प्रत्यक्षांत तिनें शेजाऱ्याला शेजाऱ्यावर घातलें. एका म्हाताऱ्यानें ‘मी हलत नाहीं’ म्हटलें कीं साऱ्या गांवाचे पैसे अडले. मग त्याच्याशीं बोलणें बंद. शिक्षक जातो, पाद्री जातो, दुकान मिटतें, आणि उरलेल्यांना आपोआप जावें लागतें. लोकांनीं आपलीं लांकडी घरें पायांपासून सोडविलीं, त्यांना पिंपें बांधलीं, आणि होड्यांनीं ओढीत पाण्यावरून नव्या गांवीं नेलीं. खिडक्यांसकट दुमजली घर खाडींतून तरंगत जात आहे, अशीं त्या काळचीं छायाचित्रें पाहावयास मिळतात. घर नेतां आलें. स्मशानभूमि कशी नेणार? १९७५ पर्यंत सुमारें तीनशें गांवें उठलीं आणि तीस हजारांच्या आसपास माणसें हललीं. नव्या ठिकाणीं पुष्कळांना शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, पण काम मिळालेंच असें नाहीं, आणि मासे धरण्याच्या जागा तर तेथें आधींच इतरांनीं वांटून घेतलेल्या. कित्येक कुटुंबें अजूनही उन्हाळ्यांत होडी करून ओसाड गांवीं जातात आणि थडग्यांभोंवतींचें गवत काढतात.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस असा कर्ता पुरुष अगदींच अपरिचित वाटणार नाहीं. मुलाबाळांच्या भल्याचा विचार तो अहोरात्र करतो, पण त्यांना विचारीत नाहीं.

राहतां राहिलें चर्चिल फॉल्सचें प्रकरण. न्यूफाउंडलंड प्रांतांत बेटाखेरीज मुख्य भूमीवरचा लॅब्राडोर हा विस्तीर्ण मुलूखही येतो, आणि तेथील एका प्रचंड धबधब्यावर वीज निर्माण करावी हें स्मॉलवुडचें जुनें स्वप्न. १९५२ सालीं तो लंडनला जाऊन विन्स्टन चर्चिलना भेटला, रॉथचाइल्डसारख्या धनाढ्यांना त्यानें यांत ओढलें, आणि चर्चिलच्या मृत्यूनंतर १९६५ सालीं नदीला व धबधब्याला त्यांचें नांव दिलें. पण वीज न्यावयाची तर शेजारच्या क्वेबेक प्रांतांतूनच न्यावी लागे, आणि क्वेबेकचें म्हणणें असें कीं, आमच्या भूमींतून जाणारी वीज आम्हीच विकत घेऊं. भांडवल गुंतलेलें, काम अर्ध्यावर, वीज कंपनी अडचणींत. अशा स्थितींत मे १९६९ मध्यें त्या कंपनीनें क्वेबेकच्या वीजसंस्थेशीं करार केला. चाळीस वर्षें, आणि त्यापुढें आणखी पंचवीस वर्षें, म्हणजे २०४१ पर्यंत, जवळजवळ सगळी वीज ठराविक दरानें द्यावयाची. दर एका युनिटास सेंटाच्या चतुर्थांशाच्या आसपास. आणि नवल हें कीं, शेवटच्या पंचवीस वर्षांत तो वाढावयाचा नसून उतरावयाचा. चारच वर्षांनीं, १९७३ सालीं, तेलाचे भाव भडकले आणि विजेचें मोल कोठल्या कोठें गेलें. लाभ क्वेबेकचा झाला. करार बदलून मिळावा म्हणून झालेलीं भांडणें कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलीं. २०१८ सालींही निकाल विरुद्धच लागला. डिसेंबर २०२४ मध्यें दोन्ही प्रांतांच्या प्रमुखांनीं नव्या कराराच्या प्राथमिक मसुद्यावर सह्या केल्या. त्या धरणामागें जो विशाल जलाशय झाला, त्याला नांव आहे स्मॉलवुडचें.

त्याची सत्ता गेली ती मोठ्या गंमतीनें गेली. २८ ऑक्टोबर १९७१ च्या निवडणुकींत विरोधकांस एकवीस, त्याच्या पक्षास वीस, आणि लॅब्राडोरच्या पक्षास एक जागा मिळाली. एका मतदारसंघांत विरोधक अवघ्या आठ मतांनीं निवडून आला होता. फेरमोजणी मागावी तर एका गांवच्या मतपत्रिका मोजल्यानंतर जाळून टाकलेल्या! न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत जोई खुर्ची धरून बसला. निकाल विरुद्ध गेला, आणि १८ जानेवारी १९७२ रोजीं त्यानें कारभार सोडला. पुढें एकदां त्यानें वेगळा पक्ष काढून पाहिला. चार जागा मिळाल्या. १९७७ सालीं तो राजकारणांतून बाहेर पडला.

म्हातारपणीं त्यानें जुनाच छंद हातीं घेतला. बॅरलमनच्या काळांत जमविल्या तशा बेटाच्या साऱ्या गोष्टी, गांवें, माणसें, होड्या, शब्द यांचा एक ज्ञानकोश करावयास त्यानें आरंभ केला. उठविलेल्या गांवांचीं नांवेंही त्यांत यावयाचीं होतीं. पहिला खंड १९८१ सालीं निघाला, दुसरा १९८४ सालीं. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याची वाचा गेली. ज्याच्या आवाजावर एक देश दुसऱ्या देशांत गेला, तो त्यानंतर सात वर्षें बोलूं शकला नाहीं. १७ डिसेंबर १९९१ रोजीं, एक्क्याण्णवावा वाढदिवस आठवड्यावर आला असतां, तो वारला. कॉडची मासेमारी सरकारनें बंद केली ती त्यानंतर सातच महिन्यांनीं, जुलै १९९२ मध्यें. ज्ञानकोशाचा पांचवा आणि शेवटचा खंड इतरांनीं १९९४ सालीं पुरा केला.